गुडघाभर पाण्यातली कला

...आणि वर मलाच म्हणतात, जुळवून घ्या! अहो, किती जुळवून घ्यायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, मी सोफे शिवतो. तळमजल्यावर घर, पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत मी, बायको आणि माझी आई. जरा जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यावरचं गटार तुंबतं आणि पाणी थेट घरात. बरं, नुसतं आलं तर आलं, फोम ते पितो हो! असा पितो, असा पितो की सोफा चौघांनाही उचलवत नाही. परवा एका लग्नघरचा सोफा गेला. नवरीची आई दारात उभी राहून रडली... शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! आणि आमच्या मातोश्री? 'मी तुझ्या वडिलांशी जुळवून घेतलं, तू पाण्याशी घे!'

गेलो तावातावानं वॉर्ड ऑफिसात. म्हटलं, गटार उपसा. साहेब नाकातून म्हणाले, 'गटाराचं बघू हो, पण जग बदलतंय, आपणही बदलायला हवं. जुळवून घ्या. शनिवारी तुमच्याच गल्लीच्या वरच्या टोकाला, हॉलमध्ये सहभागी कला आहे. या.' सहभागी म्हटल्यावर मला वाटलं, सगळ्यांनी मिळून गटार उपसायचं असेल. फावडं घेऊन गेलो हो मी!

बघतो तर हॉलच्या मधोमध प्लास्टिकचा भला मोठा हौद, त्यात गुडघाभर पाणी, आणि पाण्यात टेबल, खुर्च्या, कपाट, शेगडी... अख्खं घर! कलाकार बाई स्वभावानं गोड, तोच तर ताप! 'या या! पाण्यात उतरा आणि उद्याच्या जगात कसं जगाल ते करून दाखवा!' उद्याच्या? अहो, आमच्याकडे हे परवाच झालं! आणि लोक काय... खिदळतायत, फोटो काढतायत, एक जण तर खुर्चीत बसून पेपर वाचतोय, पाय पाण्यात, चेहरा असा, जसा काही सासुरवाडीला आलाय!

तेवढ्यात माझ्यासोबत आलेली आमची ही! 'धरा चपला,' म्हणाली आणि उतरली. तिनं काही करून दाखवलं नाही हो, नेहमीचं केलं. आधी मेन स्विच बंद. मिक्सर कपाटावर. सिलिंडरला दोरी. मग आईच्या गोळ्या शोधायला लागली. तिथं आईच नव्हती, तरी शोधत होती! कपाट उघडते, बंद करते, 'अहो, आईंच्या गोळ्या कुठायत... अहो...' आणि मग? टाळ्या! बाई डोळे पुसत म्हणतात, 'किती सहज जुळवून घेतलंय यांनी!'

सहज? सहज?! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'बाई, ढग गडगडले की ती अंथरुणात उठून बसते, उजाडेपर्यंत बसते! याला जुळवून घेणं म्हणतात? वाट मोकळी असली की पाणी कसं जातं ते दाखवू? मीही सहभागीच आहे ना?' आणि घातलं फावडं हौदाच्या पोटात!

गेलं ना पाणी! भस्सकन दाराबाहेर, उतारानं गल्लीत, मागोमाग लोक टाळ्या वाजवत, सगळ्यांच्या पुढं मी, छाती फुगवून... आणि कोपऱ्यावर आल्यावर डोक्यात उजेड पडला. गटार तुंबलेलं. आणि उताराला शेवटचं घर कुणाचं?

आमचं!

नवे दोन सोफे गेले. आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन विचारते, 'पाऊस कधी पडला रे?'

साहेबही आले मागून. घोटाभर पाण्यात उभे, नवे बूट ओले. मला वाटलं, आता तरी म्हणतील, उद्या माणसं पाठवतो. तर बाई हात जोडून, 'सर, हे गटार उपसू नका, इथंच ही कलाकृती पूर्ण होते!' आणि साहेब? 'छे छे, हात लावणार नाही!' आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं शब्द पाळला!

तेव्हापासून लोक घर बघायला येतात. पाऊस असला की रांग! मी ओरडून बघितलं, दार लावून बघितलं... दाराचेही फोटो काढतात! काल एक गृहस्थ, पॅन्ट वर दुमडून, माझ्याकडे टक लावून म्हणाले, 'तुमचा राग फार अस्सल वाटतो हो! कधीपासून करताय हे काम?'

म्हटलं, बसा... फक्त पाय वर घेऊन बसा.