उतरवलेली काकणं

कळंबच्या थांब्यावर पुण्याची एसटी येईना आणि शेजारचा म्हातारा काही जागेवर टिकेना. लेक त्याला समजावत होती.

"आण्णा, बसा की घटकाभर."

"आठ दिस झालं तिला दवाखान्यात ठिवून. मीच ठिवली. आता तोंड कसं दाखवू?"

"तेच दाखवाया चाललोय. मनाच्या आजाराचा वॉर्ड हाय तो, तिथं काच चालत न्हाई. नर्सबाईंनी आईची काकणं उतरवली. तवापासनं तिच्या डोक्यात बसलंय, तुमी वारलात."

"मी? मी हितं उभा हाय की!"

"कुंकू पुसलं तिनं. अन्नाला शिवंना."

"आन तू सांगितलं न्हाईस?"

"लई सांगितलं. म्हणती, मला बरं वाटावं म्हणून समदी खोटं बोलत्यात."

"मंग मी काय बोलू तिच्याशी?"

"नवं काय बी नको. घरी वरडता तसं वरडा."

"आगं ए... च्या टाक."

"हे पावण्यागत झालं, आण्णा."

"आगं ए! च्या टाक म्हणलं ना!"

थांब्यावरची सगळी माणसं वळून बघू लागली. म्हातारा फक्त लेकीकडे बघत होता.

"आता वळखंल?"