गेटाबाहेरचा जावई

…आणि वर गवराबाई मलाच म्हणते, ‘कौशल्याबाई, तुमी त्वांड उघडलं नसतं तर बरं झालं असतं.’ आता तुम्हीच सांगा, शेजारीण म्हणून माझं काय चुकलं? तिच्या गेनूचं लग्न अडलं होतं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना आला, त्याच्या गेटासमोर गेनूनं चहाचं छप्पर टाकलं, धंदा झक्कास; पण खेडचे कोंडाजी मुलगी द्यायला तयार होईनात. त्यांचं एकच, जावई कारखान्यातलाच पाहिजे. गवराबाईच्या ओसरीवरची बैठक मोडायला आली, तेव्हा मी पदर खोचून पुढं झाले. तुम्हाला सांगते, मी समजावलं की समोरच्याला समजतंच!

त्याचं असं, चावडीवर एक साहेब भाषण करून गेले होते. प्रत्यक्ष रोजगार, अप्रत्यक्ष रोजगार, आणखी काय काय… इंग्रजीतून मराठीत आणलेलं, पण आमच्यापर्यंत पोचेचना, रंगराव पाटील तर झोपलेच. मला मात्र बरोबर उमगलं, आणि माझं शिक्षण काय, तर मराठी चौथी. कोंडाजींना म्हटलं, ‘पाव्हणं, भिंतीच्या आत राबतो तो प्रत्यक्ष. त्याला चहा, विडी, भाड्याची खोली पुरवतो तो अप्रत्यक्ष. दोघंही कारखान्यावरच जगतात. पण भोंगा झाला की आतला पळत सुटतो, अन् बाहेरच्याकडं गिऱ्हाईक पळत येतं. सांगा, राजा कोण?’

कोंडाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘म्हंजी आत मान्सं वाढली की बाहेर च्या वाढनार?’

‘वाढणारच की.’

झालं, सुपारी फुटली. बघा, मी समजावलं की समजतंच!

लग्न लागलं, आणि हळद उतरायच्या आत कोंडाजी बैलगाडीत पत्रे घालून हजर, गेनूच्या छपराला खेटून स्वतःचं चहाचं दुकान! मी धावत गेले तर शांतपणे म्हणतात, ‘आमच्यात नातवंड हुईस्तवर लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई. लेकीला बघाया आल्यावर च्या कुठं घ्यायाचा? आन् गेटाबाहेरची जागा एकट्या गेनूचीच हाय व्हय?’

आता सासऱ्यापुढं गेनू काय बोलणार? त्यात म्हाताऱ्याचं दूध दाट, निम्मं गिऱ्हाईक तिकडंच. म्हणून मी रोज कुंपणावरून सुनेला विचारते, काय गं, काही गोड बातमी? नातवंड झालं की ‘आता आवरा दुकान’ म्हणून कोंडाजींना समजवावं लागेल, आणि ते मलाच. पण धीर होत नाही हो… मी समजावलं की त्या माणसाला जरा जास्तच समजतं.