उपाशी माणसाचं खरं वजन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, तळा गावाहून एवढ्या लांब आलेले आदरणीय दत्तात्रेय गुरुजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्या सरकारी सेवेतून निवृत्त होत आहेत त्या आपल्या डॉक्टर किशोरी गायकर मॅडम, त्यांची कन्या प्रणाली, आणि आज मासळीबाजार लवकर आटपून आलेल्या माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो.

मी हरेश्वर चोगले. आपल्या मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून तुम्ही मला ओळखता. मॅडमनी श्रीवर्धनात किती बाळंतपणं केली, किती विंचूदंश उतरवले, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी मात्र त्यांचा वेगळ्या ठिकाणचा रुग्ण आहे. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो तुरुंगात. कुठल्या, ते नाव घेत नाही. गुरुजींनी भुवया उंचावल्या, पण अभय द्यावं, गोष्ट लांबवणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर जेटीची मोजणी आली. आम्ही आडवे आलो. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून चौदा जणांना धरलं. अकरा सुटले. मी, रघू आणि भिकूकाका असे तिघे आत राहिलो. भिकूकाका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. उभा जन्म होडीवर गेलेला. आत गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांना खोकल्यातून रक्त पडू लागलं.

मोठ्या दवाखान्यात न्या म्हणावं, तर उत्तर यायचं, "पोलीस गार्ड नाही. बंदोबस्तात आहेत." कोर्टाच्या तारखेलाही तेच. सलग पाच तारखा आम्हाला कोर्टात नेलंच नाही. कच्चा कैदी म्हणजे काय? ज्याचा गुन्हा अजून ठरलेला नाही, पण शिक्षा सुरू झालेली आहे, असा माणूस.

मग मी आणि रघूने अर्ज लिहिला. काकांना दवाखान्यात न्या, तारखेला आम्हाला हजर करा, तोवर आम्ही अन्न घेणार नाही.

मित्रहो, तुरुंगातल्या उपोषणाचा उपयोग होतो का, असं मला अनेक जण विचारतात. बाहेर उपोषणाला मांडव असतो, सतरंजी असते, येणारेजाणारे नमस्कार करतात, बातमीदार येतो. आत यातलं काहीच नसतं. एक हवालदार मला हसून म्हणाला, "बस खुशाल उपाशी. तू जेवला नाहीस, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?" तो दुष्ट नव्हता. खरं तेच बोलत होता. कागदावर 'आहार घेतला' असं आलं की उपोषण झालंच नाही. मग माणूस उपाशी मेला तरी तो आजारानेच मेलेला असतो.

चौथ्या दिवशी काकांनी आपली थाळी परत केली.

मी म्हटलं, "काका, हे तुमच्यासाठीच चाललंय. तुम्ही जेवा."

ते म्हणाले, "माझ्यापायी तुम्ही उपाशी, आन् मी भात खाऊ? न्हाय रे, मना न्हाय जमाचा."

पाचव्या दिवशी रजेवरून मॅडम आल्या. तुरुंगाच्या दवाखान्यात त्यांची तेव्हा नेमणूक होती. तिघांना काट्यावर उभं केलं, नाडी पाहिली. पाण्यात मीठ घालून प्या म्हणाल्या. रघूने विचारलं, "किती घालायचं?" तर म्हणाल्या, "मी पेणकडची, मिठागरातल्या घरची लेक. मिठाचं माप मी सांगते, तेवढं मुकाट ऐका." पाच दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो.

मग मला एकट्याला बाजूला घेऊन त्यांनी सुनावलं. "हरेश्वर, तुझा हट्ट या म्हाताऱ्याच्या छातीवर चाललाय. तू जेवलास तर ते जेवतील. सोड हे."

परत आलो, तर रघूही म्हणाला, "सोडूया रे, काका न्हाय झेपायचे."

मी नाही म्हणालो. मला वाटलं, आता सोडलं तर पाच दिवस फुकट गेले. आता सोडलं तर पुन्हा आपलं कुणी ऐकणार नाही.

तेवढ्यात वरचे साहेब आले. शब्द मऊ होते. "मॅडम, सध्या लिहा ना, प्रकृती ठीक, आहार घेत आहेत. सोमवारपर्यंत गार्डचं मी बघतो. उगाच वर बोभाटा कशाला?"

मॅडमनी पेन उघडलं. "साहेब, या हरेश्वरचं वजन मागच्या वेळेपेक्षा अडीच किलो कमी भरलंय. जेवत आहेत असं लिहिलं, तर हे अडीच किलो कुठे गेलं म्हणून लिहू?"

साहेब म्हणाले, "तुमच्या बदलीचा विचार करा."

त्या म्हणाल्या, "तो तुम्ही करा. मी रुग्णाचा करते."

तिघांनी अन्न सोडलंय, एकाच्या जिवाला धोका आहे, असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि त्याची एक प्रत त्याच दुपारी जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवली.

सातव्या दिवशी न्यायाधीश स्वतः बराकीत आले. आठव्या दिवशी सकाळी गार्ड मिळाला. आठ महिने जो जिल्ह्यात नव्हता, तो गार्ड एका रात्रीत कुठून उगवला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

काकांना दवाखान्यात नेलं. त्यांच्या पत्नी केसरकाकी उशाशी बसल्या. काकांनी त्यांच्या हातची पेज घेतली, एकोणीस दिवस त्यांच्याशी बोलले, आणि गेले.

आमच्या बराकीतल्या चाळीस माणसांना त्यानंतर प्रत्येक तारखेला कोर्टात नेलं. सहा महिनेच, हेही सांगायला हवं. पुढे पुन्हा 'गार्ड नाही' सुरू झालं. मी जामिनावर सुटलो, चार वर्षांनी निर्दोष ठरलो. जेटी झालीच. आणि मॅडमची महिनाभरात डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात बदली झाली. प्रणाली तेव्हा दहावीत होती. आईशिवाय परीक्षेला बसली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.

तेव्हा, उपयोग होतो का? माझ्यापुरतं सांगतो. आमच्या उपाशीपणात ताकद होती, पण ती भिंतीच्या आत होती. एका बाईने खरं लिहिलं म्हणून ती भिंतीबाहेर गेली. ती बाई त्या दिवशी रजेवरून आली नसती, तर आज मी तुमच्यापुढे उभा नसतो.

गेल्या वर्षी धीर करून मी मॅडमना विचारलं, "काका त्या उपासामुळे गेले का?" वाटलं होतं, नाही म्हणतील. डॉक्टर माणसं धीर देतात. त्या म्हणाल्या, "आजार मोठा होता. पण चार दिवसांच्या उपासाने उरलीसुरली शक्ती गेली, हेही खरं. तुला बरं वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही."

मॅडम, त्या दिवशी मला राग आला होता. आज त्याबद्दलही तुमचे आभार मानतो. संस्थेच्या वतीने ही शाल आणि हा नारळ आपण स्वीकारावा. आपल्याला दीर्घायुष्य लाभो.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, सभेने शांतपणे ऐकलं, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते सभेने इथेच विसरून जावं.

पण एक चूक सभेने विसरण्यासारखी नाही. केसरकाकी तिथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. सुटल्यापासून मी त्यांच्या घरी जातो, त्या मला जेवायला वाढतात, आणि ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. काकी, पाचव्या दिवशी मी एक घास खाल्ला असता, तर काकांनीही खाल्ला असता. मला ते माहीत होतं. मी खाल्ला नाही.

मला माफ करा.