कवड्याचा दहावा

मंडळी, एक सांगा — कुत्र्याचं सुतक धरावं का? हसलात! मागे खांबाला टेकलेले काकाही हसले, म्हणजे जागे आहेत. बरं झालं. आता ऐका!

शेंदरीच्या घाटावर सारजा परटीण धुणं धुवायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सोबतीला एक कुत्रा. अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके, म्हणून नाव कवड्या. परटाचं कुत्रं ना घरचं ना घाटाचं म्हणतात ना? हे घरचंही होतं आणि घाटाचंही! वाळत घातलेल्या धोतरावर बसायची कावळ्याची छाती नव्हती. आणि त्याचा एक नेम. दुपारी सारजा भाकरी सोडायची, त्याचा वाटा त्याच्यापुढे ठेवायची. पण तिनं पहिला घास घेतल्याशिवाय हा गडी तोंड लावायचा नाही. आपल्यात पाहुण्याच्या आधी पाटावर बसणारे आहेत की नाही? नावं घेत नाही!

त्या कवड्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. गुरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, सारजेनं चमच्यानं ताक पाजलं. एका सकाळी त्यानं तिच्याच मांडीवर मान टाकली.

सारजेची अन्नावरची वासनाच उडाली. धुणी गाठोड्यात तशीच, बाई कपभर चहावर दिवस काढतेय. भाऊ रावबा आला, समजावून दमला. तिचं एकच — त्याचा दहावा घालणार. गावात हसू झालं. भटजींना नेमकं परगावी काम निघालं! पण बाई मागे हटली नाही. दहाव्या दिवशी घाटावर गेली, त्याच्या जर्मनच्या ताटलीत दूध-भाकरी कुस्करून ठेवली आणि लांब जाऊन बसली.

कावळा काही शिवेना! तुम्ही म्हणाल, जन्मभर ज्यानं हुसकलं त्याच्या ताटलीला शिवायची कावळ्याची काय बिशाद! खरंय. पण सारजेच्या जिवाला घोर लागला — याचं मन अडकलंय कशात? रीत तुम्हाला ठाऊक आहे. गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं वचन द्यायचं, मग कावळा शिवतो. तिनं वचनं दिली. तुझ्या नावाचा दगड बसवीन. तुझ्या जागी दुसरं कुत्रं आणणार नाही. जन्मात गोड खाणार नाही. कावळे आपले बाभळीवर बसलेले! ऊन कललं. रावबा म्हणाला, दर्भाचा कावळा करू आणि घरी जाऊ. ती हलेना. तो उपाशी जाणार नाही, म्हणाली.

आणि त्या ताटलीकडे बघता बघता तिला त्याचा नेम आठवला. तुम्हाला आठवला का?

ती उठली. ताटलीतला घास उचलला.

"अगं, दहाव्याचं आहे ते! खाऊ नये!" रावबा ओरडला.

"मी खाल्ल्याबिगर तो खाईल का?" सारजा म्हणाली, आणि घास तोंडात घातला. गिळवेना. रडत रडत गिळला. मग दुसरा घेतला. ती मागे सरली, तसा बाभळीवरून कावळा उतरला आणि ताटलीला शिवला.

दुसऱ्या दिवशी तिनं गाठोडं सोडलं. दगडावर धुणं आपटताना रडत होती, पण धूत होती. पुढेही रडली असेल. कोण नको म्हणतंय? पण जेवून रडली.

तर मंडळी, सुतक खुशाल धरा. माणसाचं धरा, कुत्र्याचं धरा, पोटभर रडा. पण आता टाळ खाली ठेवा, मागे पंगत मांडलीय. आज कुणी ताट सारून बसलेला दिसला, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी बसा. आणि तो पहिला घास घेईपर्यंत आपण तोंड लावू नका.