दाजींचा पॉइंट

आमच्या दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, नाव काढलं की माझं डोकंच फिरतं. माझी दाढ ठणकत होती, जबडा उघडत नव्हता. दाजींनी मोबाईलवर बघून माझ्या हाताच्या अंगठ्याजवळचा अ‍ॅक्युप्रेशरचा पॉइंट दाबून धरला.

"सोडा, लई दुखतंय."

"दुखतंय म्हणजे लागू पडतंय."

मी हात ओढला तर आईनं डोळे वटारले. "जावई माणूस हायेत, गप बस."

दाढेचा ठणका तर थांबला नायच, वर हात सुजला. शेवटी उस्मानपुऱ्यात दातांच्या डॉक्टरकडं गेलो, तर गालाला रुमाल लावून दाजी माझ्याआधीच नंबर लावून बसलेले.

"लई दिवसांपासून दुखतीय रे," म्हणाले.

मी शेजारी बसलो आन् म्हणलं, "दाजी, हात आणा इकडं."