पहिलं ‘नको’

(ओहायो. विमानतळाकडे निघालेली गाडी. वेंडेल चालवतोय, शेजारी त्याची सासू डोरीन.)

डोरीन: ...आणि मग अंडी पिशवीत भरता भरता तिनं मला नवऱ्याचं सगळं लफडं सांगितलं.

वेंडेल: कोणी, मॅम?

डोरीन: दुकानातल्या काउंटरवरच्या पोरीनं. जन्मात पहिल्यांदा बघतेय मला, आणि नवरा कुणाबरोबर गेला, कधी गेला, कुत्रा कुणाकडे राहिला, सगळं. मागं रांग उभी. तिकडं इंग्लंडात, ग्रिम्सबीत, माझी शेजारीण मेव्हिस. तिचा नवरा पळून गेला त्याला आता जमाना झाला, अजून तिनं मला सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. पण बोलायचं नाही, म्हणजे नाही.

वेंडेल: इथली माणसं मोकळ्या मनाची आहेत.

डोरीन: मोकळं असावं रे, पण त्याला दार तरी असावं. तुमच्या हॉटेलांतल्या संडासांसारखं नको. खालून पाय दिसतात, फटीतून डोळे दिसतात. माणसानं बसावं कसं?

वेंडेल: विमानतळावरही तशीच दारं आहेत. घरूनच जाऊन आलात ना?

डोरीन: जावईबापू, सासूला असलं विचारू नये. जाऊन आलेय.

वेंडेल: चार महिने झाले तुम्हाला इथं येऊन. ओहायोतलं काहीच आवडलं नाही का हो तुम्हाला?

डोरीन: असं कधी म्हणाले मी?

वेंडेल: तुम्ही आलात त्याच आठवड्यात मी तुमच्यासाठी धुरावर डुकराच्या बरगड्या भाजल्या. पहाटेपासून शेगडीपाशी उभा होतो. तुम्ही खाल्ल्या, हाडं ताटात नीट रचून ठेवलीत आणि म्हणालात, “वाईट नाहीत.”

डोरीन: मग?

वेंडेल: मग मी मागच्या अंगणात जाऊन एकटाच बसलो.

डोरीन: अरे वेड्या, ‘वाईट नाही’ मी आयुष्यात दोनदा म्हटलंय. एकदा तुझ्या बरगड्यांना, आणि एकदा तुझ्या बायकोच्या, गेलच्या बापाला, लग्नाच्या दिवशी. तो बिचारा त्या एका शब्दावर मरेपर्यंत खूश होता.

वेंडेल: आमच्याकडे आवडलं तर सरळ सांगतात.

डोरीन: तुम्ही सगळ्यालाच सांगता. मी टेबल पुसलं तर तुझी बहीण म्हणाली, “अप्रतिम.” फडक्यानं पुसलेलं टेबल अप्रतिम, मग देवाच्या दारात उभी राहील तेव्हा काय म्हणेल ती?

वेंडेल: तेच म्हणेल बहुतेक. तो पोलीसही परवा तुमची चौकशी करत होता.

डोरीन: त्या मेल्याचं नाव काढू नकोस. मी दूध आणायला चालले होते. स्वतःच्या पायांनी. गाडी थांबवून विचारतो, “मॅम, तुमची गाडी कुठं बंद पडली?” म्हटलं, गाडी नाही, मी चालतेय. म्हणतो, “चालत कुठं?” त्याला वाटलं, माझं डोकंच बंद पडलंय. आणि मॅम म्हणजे आमच्याकडे राणी. राणीसारखी मागच्या सीटवर घालून दारात आणून सोडलंन. सगळी गल्ली पडदे सारून बघतेय.

वेंडेल: त्या रस्त्याला फूटपाथच नाही, मॅम. त्याला काळजी वाटली.

डोरीन: तेच म्हणतेय. माणसं राहतात तिथं फूटपाथ नाही, आणि काळजी बघा केवढी.

वेंडेल: विमानाला वेळ आहे अजून. पुढं एक नाश्त्याची जागा आहे, थांबू या? तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

डोरीन: माझ्यासाठी थांबू नकोस.

वेंडेल: बरं, मग जाऊ सरळ.

डोरीन: ...तुला भूक असेल तर थांब की.

(रस्त्याकडेचं हॉटेल. खिडकीजवळचं टेबल. नाश्ता देणारी लोरेटा हातात कॉफीची किटली घेऊन उभी.)

लोरेटा: काय आणू, मंडळी?

वेंडेल: मला बिस्किटं आणि ग्रेव्ही, बाजूला बटाटे. यांना चहा.

लोरेटा: गार की गरम?

डोरीन: गार चहा म्हणजे काल उरलेला. गरम दे, बाळ. आणि दूध.

लोरेटा: चहात दूध? आणते हं. किती गोड बोलता तुम्ही. ऑस्ट्रेलियाच्या का?

डोरीन: तिकडंच, जरा अलीकडं.

लोरेटा: आज चेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ आहे, आत्ताच भट्टीतून निघालाय. एक तुकडा आणू तुम्हाला?

डोरीन: नको गं, माझ्यासाठी कशाला उगीच तुला खेप.

लोरेटा: बरं. मग एवढंच. आलेच.

वेंडेल: ही जागा जुनी आहे. माझे वडील आम्हाला इथंच आणायचे. बिस्किटं अजून तशीच करतात.

डोरीन: बिस्किट चहात बुडवतात रे. तुम्ही त्याचा पाव करता आणि पांढऱ्या कालवणात बुडवून जीव घेता.

वेंडेल: एकदा खाऊन तर बघा... काय झालं, मॅम?

डोरीन: कुठं काय.

वेंडेल: तुम्ही त्या पोरीकडे अशा बघताय, जशी ती तुमची पर्स घेऊन पळालीय.

डोरीन: गेलीच ती.

वेंडेल: तुमचा चहा आणायला गेलीय.

डोरीन: चहा आणेल. पाण्याचा पेला आणि बाजूला चहाची कोरडी पुडी. आपला आपण करून घ्या.

वेंडेल: मॅम, तुम्हाला तो पाय हवा होता का?

डोरीन: असं काही नाही. आत्ताच भट्टीतून काढलाय म्हणाली, एवढंच.

वेंडेल: मग हो का नाही म्हणालात?

डोरीन: पहिल्या हाकेला हो म्हणायला मी काय दुष्काळातून आलेय? विचारलं की आधी नको म्हणायचं. मग तिनं म्हणायचं, घ्या हो, त्यात काय एवढं. मग आपण म्हणायचं, बघ बाई, तुला त्रास नसेल तर. मग तिनं आणायचं. पोटात कावळे कोकलत असले तरी रीत ती रीत. माझी आई दारात आलेल्या कोळसेवाल्यालासुद्धा पुन्हा पुन्हा विचारायची. एकदा विचारून जो गप्प बसला, त्यानं तोंडदेखलं विचारलं. एवढं तर शेंबड्या पोराला कळतं.

वेंडेल: आणि माझ्या आईनं मला पुन्हा विचारताना ऐकलं असतं तर कान पिळला असता. समोरचा नको म्हणाला ना? मग त्याच्या शब्दाचा मान ठेव. परत विचारलं म्हणजे त्याला खोटं पाडलं.

डोरीन: अरे, पण त्याला खोटं पाडावं म्हणून तर तो नको म्हणतो.

वेंडेल: मॅम.

डोरीन: आता काय?

वेंडेल: ईस्टरच्या आदल्या रविवारी. गेल ड्यूटीवर होती, आपण दोघंच जेवत होतो. मी तुम्हाला विचारलं होतं, राहायचे कागद तर झालेत तुमचे, आता कायमच्याच राहा आमच्याकडे. गॅरेजवरची खोली तुमची.

डोरीन: ती बघ, आली तुझी बिस्किटं. गार होतील.

लोरेटा: हे घ्या. आणि हा चहा. दूध वेगळं आणलंय, कसं घालतात मला माहीत नाही.

डोरीन: देव तुझं भलं करो. बघ, म्हटलं नव्हतं? पुडी बशीत.

वेंडेल: तुम्ही काय म्हणाला होतात त्या दिवशी?

डोरीन: म्हणाले, नको रे, तुमच्या दोघांच्या संसारात माझी कशाला अडगळ.

वेंडेल: आणि मी?

डोरीन: तू म्हणालास, बरं, जशी तुमची इच्छा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्याहारीची भांडी विसळेपर्यंत तिकीट काढून मोकळा झालास. खिडकीची जागा. वर येऊन विचारतोस, विमानात कोंबडी चालेल की मासे.

वेंडेल: मला वाटलं, तुम्हाला घराची ओढ लागलीय. मध्ये येऊ नये. खिडकी मिळावी म्हणून तर घाई केली.

डोरीन: मी आपली वाट बघतेय. म्हटलं, जेवण होईल, मग परत विचारेल. जेवण झालं. म्हटलं, टीव्ही बघताना जाहिराती लागतील तेव्हा विचारेल, तुमच्याकडे जाहिरातींना काय तोटा. जाहिराती संपल्या, तू जांभई दिलीस आणि झोपायला गेलास. तेव्हा कळलं मला.

वेंडेल: काय कळलं?

डोरीन: की विचारायचं म्हणून विचारलंस. आता मी मिंधेपणानं कुणाच्या घरात राहणार नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून माशांच्या धक्क्यावर सुरी धरली, तेव्हापासून स्वतःचं खाल्लंय.

वेंडेल: मी खरंच विचारलं होतं, मॅम. आधी गाडीत एकट्यानं बोलून सराव केला होता.

डोरीन: सराव केलास?

वेंडेल: तुमची भीती वाटते मला.

डोरीन: वाटायलाच हवी... पण गेलचं काय? तिला तर आपली रीत ठाऊक आहे. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. रोज माझ्या कपड्यांच्या घड्या घालते आणि पाऊसपाण्यावर बोलते.

वेंडेल: ती माझी चूक. मी तिला तुमचं वाक्य सांगितलंच नाही. अडगळ, संसार, काहीच नाही. म्हटलं, “आईला विचारलं, ती नाही म्हणाली.” आम्ही तेवढंच सांगतो.

डोरीन: त्यावर ती काय म्हणाली?

वेंडेल: उठून कपडे धुवायच्या खोलीत गेली. मशीन चालू केलं. आत कपडेच नव्हते. मी ऐकलं बाहेरून, रडत होती.

डोरीन: गेल?

वेंडेल: म्हटलं, जा, आईशी बोल. तर म्हणाली, “तिला जायचंय तर तिला धरून ठेवणारी मी कोण? आणि आमच्यात असं बोलत नाहीत.”

डोरीन: नाहीच बोलत.

वेंडेल: मग करता काय तुम्ही लोक?

डोरीन: पाऊसपाण्यावर बोलतो... खा ना तू. तुझं ते कालवण घट्ट व्हायला लागलं.

लोरेटा: सगळं ठीक ना इथं?

वेंडेल: लोरेटा, यांना पायचं पुन्हा एकदा विचारतेस?

लोरेटा: पण त्या नको म्हणाल्या.

वेंडेल: हो, ते पहिलं नको होतं.

लोरेटा: मॅम, पाय आणू?

डोरीन: बघ बाई, तुला खेप पडत नसेल तर.

लोरेटा: हे हो झालं की नाही?

वेंडेल: हो झालं. चांगला मोठा आण.

डोरीन: कशाला तिला बिचारीला गोंधळात टाकतोस?

वेंडेल: मॅम, आमच्याकडे राहाल?

डोरीन: हे असं, हॉटेलात? तोंडाला कालवण लागलेलं असताना?

वेंडेल: आता पुसलं. राहाल?

डोरीन: नको रे बाबा. मी अंगणात चादर वाळत घातली, तर तुमच्या कॉलनीच्या कमिटीनं नोटीस धाडली. म्हणे, शोभत नाही. बाहेर ऊन फुकट चाललंय आणि तुम्ही आत मशीनमध्ये वीज जाळून कपडे सुकवता. असली सासू ठेवलीस तर तुलाच कॉलनीबाहेर काढतील.

वेंडेल: हे दुसरं नको झालं.

डोरीन: मोजतोस काय मेल्या?

वेंडेल: शिकतोय. राहाल का?

डोरीन: तिकीट वाया जाईल तुझं.

वेंडेल: जाऊ दे. खिडकीतून ढगच दिसतात.

लोरेटा: हा घ्या पाय. जपून, गरम आहे.

डोरीन: (काट्यानं तुकडा तोडून तोंडात घालते.)

वेंडेल: कसा आहे?

डोरीन: वाईट नाही.

वेंडेल: लोरेटा, भट्टीवर जो कुणी आहे त्याला सांग, या बाई आयुष्यात तिसऱ्यांदा असं म्हणाल्या.

लोरेटा: म्हणजे परत पाठवू का?

वेंडेल: नाही, नाही. तो पुढं बरीच वर्षं खूश राहील.

डोरीन: चल आता, ऊठ. (बाहेर, गाडीपाशी) कडी उघडत नाहीये या दाराची.

वेंडेल: मॅम, ते माझं दार आहे. तुमचं पलीकडं.

डोरीन: चार महिने झाले, तरी तुमचं चाक चुकीच्याच बाजूला.

वेंडेल: पट्टा लावा... लावलात? पुढं फाटा येतोय. डावीकडे विमानतळ. तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

डोरीन: मायक्रोवेव्हमध्ये उकळलेल्या पाण्याचा चहा मी पिणार नाही.

वेंडेल: किटली आणू.

डोरीन: चादरी अंगणातच वाळतील.

वेंडेल: कमिटीला मी बघतो.

डोरीन: आणि मॅम म्हणायचं बंद कर. राणी मेली. मी अजून आहे.

वेंडेल: मागचा भोंगा वाजवतोय, डोरीन. कुठं वळू?

डोरीन: तुमच्याकडे सगळं उलट्या बाजूनं चालतं, मला काय कळतंय डावं-उजवं. तू आपला घराकडं वळ.

वेंडेल: ...गेलला फोन लावू? जेवणाच्या सुटीत असेल आता.

डोरीन: नको.

वेंडेल: हे पहिलं नको, की खरं?

डोरीन: खरं. ती ड्यूटीवरून येईल, तेव्हा तिच्या पुढ्यात चहा ठेवीन. कळेल तिला.