नामाजीचं लटकं दुखणं

मेंढपाळ नामाजी एसटीत मुंडाशाचं टोक तोंडावर घेऊन बसला होता. पुढच्या बाकावरच्या दोन अनोळखी बाया त्याचंच बोलायला लागल्या, तसे त्यानं कान टवकारले.

“त्या मेंढरंवाल्याला पांढऱ्या कपड्यातल्या लोकायनं गाडीत घालून नेलं म्हणं, सत्यशीला.”

“ती नुसती तालीम होती, काकू. साथ आली तर दवाखाना तयार हाय का न्हाई, ते दिल्लीचे सायब बघून राहिले होते. त्याला आजारी पडायला सांगितलं होतं.”

“मग गाडी इतक्या लवकर काहून आली?”

“तेच तर बघायचं होतं.”

“माझी सून बाळंतपणाला अडली तवा दिवसभर वाट बघितली. शेवटी बैलगाडीत नेलं. अन् धडधाकट गड्यासाठी गाडी पळत येती व्हय? मोठा रोग असल्याबिगर सरकार गाडी धाडत न्हाई.”

“पण सायब तर शाबासकी देऊन गेले.”

“देतील न्हाई तर काय! रोगी सांजच्याला आपल्या पायानं घरी आला.”

“मग बरा हाय की तो.”

“बरा असंल तर नेला काहून? माझ्या भाच्याची सोयरीक त्याच्याच पोरीशी ठरलीय. आज तो नारळ घेऊन आमच्या घरी येणार हाय म्हणं. उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई मी.”

बोलता बोलता काकू मागं वळली.

“बाबा, तोंड काहून झाकलं?”

“धूळ हाय, माय,” नामाजी म्हणाला, आणि नारळाची पिशवी त्यानं पायानं बाकाखाली सरकवली.